तुरटीच्या पाण्यातला टुटू

पाचगणीला लोक हवा खायला जातात. ज्यांना परवडतं ते पोरांना शाळेत घालायला जातात, आणि ज्यांच्या छातीत बिघाड झालाय ते झोपून राहायला जातात. मी गेलो तो एक घागरा शिवायला. तोही धड घागरा नव्हे. कमरेपासून हातभर बाहेर निघणारा, परातीसारखा आडवा ताठ राहणारा आणि खाली पाय सगळे उघडे टाकणारा असा जाळीचा प्रकार. त्याला टुटू म्हणतात. हे नाव मी घरात पहिल्यांदा घेतलं तेव्हा बायको तोंडाला पदर लावून हसत बसली होती. परत आल्यापासून ती त्या नावाला हसत नाही.

आळीतले लोक विचारतात, काय काय पाहिलंत, टेबललँड पाहिलं का, स्ट्रॉबेरी खाल्ली का. पाहिलं, खाल्ली. पण सांगायचं ते दुसरंच आहे, आणि ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसलोय. ज्यांना घाई आहे त्यांनी स्ट्रॉबेरीपुरतं ऐकून उठावं. ती आंबट होती.

सांगली

मी नाटक कंपनीचा शिंपी. म्हणजे होतो. एकवीस वर्षं कंपनीबरोबर गावोगाव हिंडलो, राजांचे अंगरखे शिवले, राण्यांना शालू नेसवले. आमच्या राण्या सगळ्या पुरुष, पण शालू असा चापूनचोपून बसायचा की समोरच्या बायका नकळत आपापले पदर सारखे करायच्या. मग बोलपट आले, लढाई आली, कंपनी मोडली. आता मी गणपतीच्या देवळामागे बसून झबली आणि लेंगे शिवतो.

त्या राण्यांतली एक राणी म्हणजे माझा धाकटा भाऊ, दत्तू. आवाज गोड, कंबर बारीक आणि अंगात हट्ट. स्टेजवरच्या बत्त्यांपुढे काम करायचं तर हलकं कापड तुरटीच्या पाण्यातून काढावं लागतं. तुरटी मुरलेलं कापड पटकन पेट घेत नाही, हे कंपनीतल्या शिंप्याला शिकवावं लागत नाही. पण तुरटीनं कापड मळकट दिसतं, जड होतं, अंगावर करकरतं. तासगावच्या मुक्कामात दत्तूनं नवी पांढरी ऑर्गंडीची साडी आणली आणि म्हणाला, दादा, हिला तुरटी लावू नकोस, हिचं पांढरेपण जाईल. मी ऐकलं. तिसऱ्या अंकात पदराचं टोक बत्तीला लागलं. त्यानंतर तो चार दिवस होता. ह्याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

तर अशा माणसाकडे पंचेचाळीस सालच्या मार्गशीर्षात एक पत्र आलं. आणणारे मगदूम शेठ, आमच्या गावचे घोंगड्यांचे जैन व्यापारी. लढाईत पोलंड देशातली पुष्कळ बायकामुलं रशियाच्या बर्फात हाकलली गेली, आणि त्यातून जगली वाचली ती कुठून कुठून फिरत कोल्हापूरजवळच्या छावणीत येऊन राहिली. मगदूम त्या छावणीला घोंगड्या पुरवतात. तिथली जी पोरं छातीनं आजारी होती त्यांना पाचगणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्या पोरांची देखभाल करणारी हेलेनाबाई मूळची नाचाची मास्तरीण. तिच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला नाताळच्या संध्याकाळी चार मिनिटं नाचायचं होतं, आणि नाचायला टुटू हवा होता. दोन शिंपी चित्र बघूनच पळाले, असं मगदूम म्हणाले, आणि मी नाटकवाला असल्यामुळे लाजणार नाही अशी त्यांची खात्री होती.

पत्रात चित्राखाली मापं होती. कंबर अठरा इंच. मी शेठजींना दोनदा वाचायला लावलं. अठरा इंच ही पंधरा वर्षांच्या मुलीची कंबर असते का? आकडा तोच होता.

कापडाचं रेशन अजून चालूच, आणि पांढरी जाळी तर डोळ्यांनी दिसत नव्हती. शेवटी कंपनीची माझ्या वाटणीला आलेली ट्रंक उघडली. तिच्यात स्वर्गाच्या सीनचे ढग होते. ढग म्हणजे बारीक पांढरी जाळी, छतावरून सोडायची. ती बत्त्यांपासून लांब असायची म्हणून तिला तुरटी कधी लागली नव्हती. मी घरीच बसून घागरा शिवला. चित्र अंगठ्याएवढं आणि फुसकट होतं, त्यात कापड कुठे संपतं ते नीट कळत नव्हतं. लेकीबाळीचं काम म्हणून मी आपला घोट्याच्या वर चार बोटं एवढा लांब ठेवला आणि राहिलेली जाळीही बरोबर घेतली.

ताकारी, वाई आणि घाट

रेल्वेचं वर्णन करत नाही, सगळे तीच धूळ खातात. फक्त ताकारीला हत्यारी पोलीस डब्यात चढले ते सांगतो. आमच्या भागात भूमिगतांचा शोध तेव्हा चालूच होता, आणि माझ्यासारखा एकटा माणूस मोठी ट्रंक घेऊन बसलेला म्हटल्यावर ट्रंक उघडली गेली. जमादारानं जाळी वर उचलली, आणखी उचलली, ती संपेचना. हे काय म्हणून विचारलं तर माझ्या तोंडून खरं तेच गेलं, की ढग आहेत. त्यानं मला खाली उतरवून तासभर बसवलं, आणि मी दुसऱ्या गाडीनं पुढे गेलो. चूक माझीच.

वाठारला उतरून वाईला गेलो. तिथं घाटावरच्या खानावळीत वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली. मालकीण समोर उभी राहून तिसरी भाकरी वाढत होती आणि नको म्हटलं तर रागावत होती. आमच्या सांगलीत नको म्हटलं की वाढपी पुढे जातो. जेवून कृष्णेत पाय बुडवले. आमच्याकडे ती ऐसपैस पसरलेली असते, इथं परकरी पोरीएवढी आहे. पाणी इतकं गार की कळ डोक्यात गेली.

पुढची मोटर कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. पसरणीच्या घाटात तिनं धापा टाकल्या आणि बसली. आम्ही सगळे उतरून चालू लागलो. माझ्या ट्रंकेची कडी एका बाईनं आपणहून धरली आणि ट्रंक डोक्यावर घेतली. पसरणीचीच, तानूबाई. पन्नाशीची, दवाखान्यात आया. ट्रंक इतकी मोठी आणि इतकी हलकी कशी म्हणून तिनं विचारलं, आणि मी कुणासाठी चाललोय ते कळल्यावर डोक्यावरची ट्रंक सारखी केली. मग म्हणाली, “हान्काचा व्हय? पोर लय ग्वाड हाय ओ. डागतर काय सांगत न्हाईत. आन् डागतर सांगत न्हाईत म्हंजी कळायचं त्ये कळतं.”

मुलीचं नाव मला असं घाटात कळलं.

पाचगणी, पहिला दिवस

हेलेनाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, केस मागे इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. उभं राहताना टाचा जोडून पावलं दोन बाजूंना. छावणीतल्या पहारेकऱ्यांकडून आणि भाजीवाल्यांकडून त्या हिंदुस्थानी शिकल्या होत्या, त्यामुळे बोलणं मायेचं असलं तरी सूर कधी दरडावणीचा तर कधी घासाघीस केल्याचा.

व्हरांड्यात खाटा मांडलेल्या. आम्ही आजाऱ्याला दारं-खिडक्या लावून कोपऱ्यात ठेवतो, इथं उघड्यावर गार वाऱ्यात ठेवतात, आणि तेच औषध म्हणे. शेवटच्या खाटेवर हान्का. पिवळे केस, मनगटं काडीएवढी, आणि गालांवर छान लाली. मला वाटलं, हवा मानवलेली दिसते. तानूबाई हळूच म्हणाली, ती लाली ताप चढला की येते.

मी मोठ्या ऐटीत ट्रंक उघडून घागरा हलवून दाखवला. हेलेनाबाईंनी तो पाहिला आणि हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, खाटेच्या लोखंडाला धरून उभ्या राहिल्या. हान्काही हसली आणि खोकली. मला मनातून राग आला. ढगाचं कापड, एकवीस वर्षांचा हात, आणि हे लोक हसतायत. मग बाईंनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, की तुम्ही चुकला नाहीत, फक्त शंभर वर्षं मागे गेलात.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसला नाचणाऱ्या बायका अशाच घोट्यापर्यंतच्या पांढऱ्या जाळीच्या घागऱ्यात नाचू लागल्या. नाटकगृहात तेव्हा नुकतेच गॅसचे दिवे आलेले. त्या उजेडात जाळीचे थर चांदण्यासारखे दिसत, आणि बाई पायाच्या बोटांवर उभी राहिली की ती जमिनीला टेकलीच नाही असं लोकांना वाटे. पुढे इटलीच्या बायका आल्या. त्यांच्या पायांत इतकं कसब, की ते घागऱ्याखाली झाकलं जातं हे त्यांना खपेना. त्यांनी घागरा गुडघ्यापर्यंत कापला. मग त्याच्या वर. कापता कापता तो इतका आखूड झाला, की खाली लोंबायला काही उरलंच नाही आणि तो आडवा ताठ राहिला. नावाचा अर्थ विचारला तेव्हा बाई लाजल्या. लहान पोरांच्या बोलीत बसायच्या जागेला जे म्हणतात त्यावरून ते आलंय म्हणे. शंभर वर्षांच्या कलेचं नाव पोरांच्या ढुंगणावरून, हे ऐकून मला त्या लोकांबद्दल जरा बरं वाटलं.

पण तेवढ्यात त्या दिव्यांचं पुढचं निघालं. त्या गॅसच्या उजेडात कितीतरी बायका जळाल्या. तिथल्या बादशहानं हुकूम काढला, की घागरे तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यातून काढल्याशिवाय स्टेजवर यायचं नाही. बायकांनी ऐकलं नाही. कापड पिवळं पडतं, कडक होतं, तरंगत नाही. एक तरुण नाचणारी तर नकार लिहून देऊन मोकळी झाली. पुढे तालमीतच तिचा घागरा दिव्याला लागला. कित्येक महिने ती पालथी पडून होती आणि मग गेली. तिच्या कपड्याच्या उरलेल्या चिंध्या पॅरिसला जपून ठेवल्यात, असं बाई म्हणाल्या. त्या हे सगळं एखादी जुनी कथा सांगावी तसं सांगत होत्या. मला तासगाव दिसत होतं.

मी विचारलं, एवढं होऊनही हाच पोशाख अजून का टिकलाय? बाईंनी उत्तर द्यायच्या आधी हान्कानं दिलं, आणि बाईंनी ते मला समजावलं. हान्काची आई नाचणारी होती. बर्फातल्या दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. हान्काला तिचा बर्फाआधीचा चेहरा आता नीट आठवत नाही. आठवतो तो फक्त पोलंडातल्या त्यांच्या खोलीतला खिळा आणि त्यावर उलटा टांगलेला पांढरा टुटू. खळ मोडू नये म्हणून तो नेहमी उलटा टांगतात. सकाळी खिडकीतून ऊन आलं की खोलीत तेवढंच पांढरं दिसायचं. तिला तसाच हवा होता. नाचायला चार मिनिटं, आणि बाकीचे दिवस खाटेवर टांगायला.

मी बत्त्यांचं विचारलं. बाई म्हणाल्या, बत्त्या आहेत, शिवाय झाडावर मेणबत्त्या असतील. नाताळला झाड सजवायची त्यांची पद्धत आहे, आणि ते स्टेजशेजारीच असणार. मी म्हणालो, मग कापड तुरटीतून काढतो.

हान्का उशीवरून उठून बसली. तानूबाईकडून शिकलेल्या मराठीत ती माझ्याशी थेट बोलली. “मास्तर, तुरटी नको. पांढरा.”

मी मान हलवली. ती होकाराची होती असंच तिला वाटलं असणार.

पाचगणी, तीन दिवस

काम अवघड होतं, हे कबूल करतो. लांब घागरा उसवला. जाळीचे सात थर झाले. बाई म्हणत होत्या दहा हवेत, पण ढग तेवढेच होते. आतली चड्डी, तिच्यावर खालचा थर चार बोटांचा, वरचा त्याहून रुंद, असं खालच्यानं वरच्याला आधार देत चढायचं. प्रत्येक थर दाट चुण्या घालून हातानं शिवायचा आणि सगळे थर एकमेकांना सैल टाक्यांनी अडकवायचे, म्हणजे ते एकत्र हलतात पण दबत नाहीत. शालूच्या निऱ्या घालणाऱ्याला चुण्यांची भीती नसते. दुसऱ्या दिवशी तो टेबलावर आपोआप आडवा ताठ राहिला, तेव्हा मी खोलीत एकटाच होतो आणि एकटाच हसलो. काय गंमत आहे त्यात, ते मला हातांतून कळलं. वजन काहीच नाही आणि जागा मात्र सगळी अडवतो. दत्तूला फार आवडला असता.

जेवणाचं सांगायचं तर त्या लोकांचं बिटाचं लालभडक सार मला घशाखाली उतरेना. गोडही आणि आंबटही. मी कोबी-बटाट्यावर भागवलं आणि पोरांना माझ्याजवळचं सांगलीचं भडंग वाटलं. तिखट लागून पोरं उड्या मारत होती आणि परत हात पुढे करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तानूबाईला बाजारातून तुरटी आणायला सांगितली. तिनं आणली, पण दिली नाही. पोरीनं नको म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. मग मी तिला दत्तूचं सांगितलं, तासगावचं, पदराचं, चार दिवसांचं. बायकोखेरीज कुणाला ते मी इतकं सांगितलं नव्हतं. तिनं तुरटीचा खडा माझ्या हातात ठेवला आणि पाणी तापवायला गेली.

बाजारातली तुरटी लालसर होती. जाळी पाण्यातून काढून उजेडात धरली. ढगांचा रंग गेला होता. वरून साबुदाण्याची खळ दिली, उन्हात वाळवली, तरी शिळ्या दुधावर साय धरावी तसा रंग राहिला तो राहिलाच. पण पेटणार नव्हता. मी एक तुकडा काडीवर धरून पाहिला. काळा पडला, विझला. त्या क्षणी मला जे समाधान वाटलं ते सांगायला लाज वाटते.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी टुटू हान्काच्या मांडीवर ठेवला. ती तो बोटांनी दाबत राहिली. मग माझ्याकडे बघून एकच शब्द विचारला. “तुरटी?”

मी म्हणालो, “नाही. साबुदाण्याची खळ आहे, म्हणून रंग असा.”

पंधरा वर्षांच्या आजारी मुलीशी मी डोळ्याला डोळा देऊन खोटं बोललो. तिनं टुटूची कड हातात धरून तोंडाशी नेली आणि जिभेला लावली. तुरटी लागली की तोंड कसं आवळून येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा चेहरा हलला नाही. माझ्याकडे बघत ती तानूबाईच्या बोलीत म्हणाली, “ग्वाड हाय.”

मी सुटलो. तापानं तोंडाची चव गेलेली असणार, असा मी हिशेब केला आणि खाटेवरच्या खिळ्याला टुटू उलटा टांगून दिला.

नाताळची संध्याकाळ

त्यांचा नाताळ आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. पहिली चांदणी दिसल्यावर जेवायला बसतात, आणि त्याच्या आधी नाच झाला. जेवणाच्या खोलीतच. झाड म्हणून सिल्व्हर ओकची फांदी उभी केली होती, कापसाचं बर्फ लावून. तिच्यावर मेणबत्त्या. मी पाण्याची बादली घेऊन फांदीशेजारी उभा राहिलो. डॉक्टर हातात घड्याळ धरून दाराशी. त्यांनी फक्त हात हलवायची परवानगी दिली होती, उडी नाही, गिरकी नाही.

ग्रामोफोन सुरू झाला आणि हान्का चालत आली. पायांत कॅनव्हासचे साधे बूट. अठरा इंचांच्या कमरेभोवती तो ताठ गोल, आणि वर दोन हात. त्या हातांबद्दल मला लिहिता येत नाही. मी आयुष्यभर पुरुषांना बाई होताना पाहिलं, ते हातांनीच व्हायचे. पण इथं एक मुलगी हातांनी नुसती वाऱ्यासारखी होत होती. मागच्या बाकावरची पोरं श्वास रोखून बसली होती. बत्तीच्या उजेडात टुटू जुन्या धोतरासारखा दिसत होता, आणि ते फक्त मला दिसत होतं असं मी स्वतःला बजावत होतो.

शेवटी तिनं परवानगी नव्हती तेच केलं. एक गिरकी घेतली. टुटूची कड मेणबत्तीपासून बोटभर अंतरावरून गेली. बादली माझ्या हातात उचलली गेली होती. काही झालं नाही. डॉक्टरांनी घड्याळ मिटलं.

जेवणाच्या टेबलावर एक पान जास्त मांडलेलं होतं. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी ते ठेवायचं, अशी त्यांची रीत. आमच्यात पितरांच्या नावानं पान वाढतात, जिवंत अनोळखी माणसासाठी कुणी वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. हेलेनाबाईंनी मला तिथं बसवलं. हान्का लांब, तिच्या वेगळ्या ताटाशी, अंगावर शाल आणि शालीखाली अजून टुटू. तिनं माझ्याकडे बघून परत एकदा हात हलवला. मला वाटलं, एक तरी काम नीट झालं. दत्तू गेला, पण ही जळणार नाही.

पाचगणी, शेवटचे दिवस

मोटर दोन दिवस नव्हती, म्हणून मी पोरांचे कोट उसवून नीट करत बसलो. नाताळ होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातून तानूबाईची हाक आली. मी पोचलो तेव्हा हान्काच्या उशीवर रक्त होतं, आणि हेलेनाबाई तिचं डोकं धरून बसल्या होत्या. अर्ध्या तासात सगळं संपलं. मी टुटूकडे बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. तो खिळ्याला उलटा होता.

दुपारी तिला पुरलं. बाईंनी तिला शाळेचा निळा फ्रॉक घातला. टुटू घालावा का, असं कुणीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, तो उभं राहायचा पोशाख आहे, झोपायचा नव्हे. आम्ही आपल्या माणसाला अग्नी देतो आणि घरी येऊन अंघोळ करतो. त्यांनी मूठ मूठ माती टाकली. मीही टाकली. लाल माती, नखांत अडकून राहिली.

तिथून आल्यावर दवाखान्याच्या मागे तानूबाई तिच्या वस्तू जाळायला घेऊन बसली. ह्या रोगात अंथरूण, पांघरूण, खाटेजवळचं सगळं जाळायचं असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून सिल्व्हर ओकचा वाळका पाला पेटवलेला. गादी पेटली, उशी पेटली, एक वही पेटली. टुटू वर पडून राहिला होता. कडेला काळा पडला, धूर सोडला, पण ज्वाळा काही धरेना. तानूबाईनं काठीनं त्याला उलथापालथा केला. मग माझ्याकडे वळली.

“मास्तर, ह्यो पेटंना ओ.”

 ती काठी खाली ठेवून म्हणाली, “तिला ठावं हुतं. तुमी मला सांगितलं त्याच दिशी मी तिला सांगितलं, तुमच्या भावाचं समदं. ती म्हनली, मास्तरास्नी कळू देऊ नगंस. पुन्ना भ्याया नगं त्येंनी.”

ग्वाड हाय, म्हणाली होती. जिभेवर तुरटी ठेवून, तोंड न आवळता.

मी काठीनं टुटू आगीतून ओढून काढला. तानूबाई नको नको म्हणत होती, रोगाचं आहे, हात लावू नका. मी तो धुण्याच्या जागेवर नेला आणि गरम पाण्यात बुडवला. तुरटी पाण्यातूनच येते आणि पाण्यातूनच जाते. एक बादली, दुसरी, तिसरी. पाणी गढूळ होत गेलं. चौथी गार पाण्याची. खळ गेली, थर मऊ पडले, सगळा ताठा संपला. जळकी कड कात्रीनं कापून टाकली. मग दोन झाडांमध्ये दोरी बांधून तो उलटा टांगला, तिच्या आईचा टांगलेला असायचा तसा.

तिथला वारा भन्नाट. तासाभरात वाळला. हेलेनाबाई मागून येऊन उभ्या राहिल्या. तो पांढरा होता. ट्रंक उघडली तेव्हा जसे ढग निघाले होते तसा स्वच्छ, दुधासारखा पांढरा. उन्हात दुसरं काही पांढरं दिसत नव्हतं. आता मऊ पडल्यामुळे तो वाऱ्यावर नुसता तरंगत होता, आणि हेच तिनं माझ्याकडे मागितलं होतं.

दत्तूचं ऐकलं म्हणून दत्तू गेला, आणि त्या भीतीपायी हिचं ऐकलं नाही. जी आग लागलीच नाही तिच्यापासून मी तिला वाचवलं. चार मिनिटं होती तिच्याकडे, ती मी मळकी केली. आणि तिनं मला ते कळूही दिलं नाही, ह्याचा मला तिच्यावर राग येतो, अजून येतो.

टुटू दोरीवरून मीच काढला आणि मीच आगीवर ठेवला. कापराला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

सांगली

परत आलो तो दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं, ट्रंक उघडून पाहिली आणि ती रिकामी बघून विचारलं, “झाला का घागरा?”

मी म्हणालो, “झाला. शेवटी झाला पांढरा.”